पाचव्या वर्षी तिलाही नेलं

मैत्रिणी तिला टाचणी म्हणत. शिवताना चार-पाच टाचण्या ओठांत धरून बोलायची तिला सवय होती, आणि तशा अवस्थेतही ती भरपूर बोलायची. घराच्या पुढच्या खोलीत, खिडकीखाली तिचं मशीन होतं. लोकांच्या पँटी आखूड करणं, चेन बदलणं, शाळेचे गणवेश उसवून मोठे करणं, कधीमधी एखादा नवा पोशाख. मुलगी सकाळी शाळेत गेली की काम सुरू व्हायचं, आणि संपायचं नाव घेत नसे. पण घरात बसून काम करते म्हटल्यावर ती काम करते हेच कुणाच्या लक्षात राहत नसे. "तू घरीच असतेस ना," असं म्हणून शेजारीपाजारी तिच्याकडे किल्ल्या ठेवत, पार्सलं ठेवत, आणि दोघीजणी मुलंही ठेवत.

त्यातली एक औषधांच्या दुकानात काउंटरला उभी असायची. तिची मुलगी आणि टाचणीची मुलगी शिशुवर्गापासून एका बाकावर बसत, तिथून ही ओळख. औषधवालीचा नवरा फिरतीच्या नोकरीवर, महिन्यातले वीस दिवस बाहेर. दुसरी त्याच शाळेत गणित शिकवायची, म्हणून मुलंच काय, मैत्रिणीही तिला बाईच म्हणत. नवरा सोडून गेल्यापासून बाई एकटीनं मुलगा वाढवत होती. तिघींचं चांगलं जमायचं. शाळा सुटायच्या वेळी फाटकापाशी उभं राहून हसण्यात त्यांची अर्धी दुखणी निघून जायची.

वर्षातून एकदा, परीक्षा संपल्या की बाईचं प्रशिक्षण निघायचं. तीन दिवसांचं, दुसऱ्या शहरात. आणि साधारण त्याच सुमारास औषधवालीच्या आईचं काहीतरी निघायचं. पहिल्या वर्षी मोतीबिंदू, दुसऱ्या वर्षी गुडघा, तिसऱ्या वर्षी दुसरा गुडघा, चौथ्या वर्षी कसल्या तरी तपासण्या. आई दूर राहायची, माहेरी दुसरं कुणी नव्हतं. मग बाईचा मुलगा आणि औषधवालीची मुलगी तीन दिवस टाचणीकडे. मशीन भिंतीला सरकवून ती पुढच्या खोलीत गाद्या घालायची. यात तिला कधी काही वावगं दिसलं नाही. म्हाताऱ्या माणसांचं एकामागून एक निघतच असतं, आणि सरकार शिक्षकांना कशासाठीही बोलावतं.

त्यातलं दुसरं वर्ष मात्र तिला विसरता येण्यासारखं नव्हतं. त्या वेळी तिचे वडील आजारी होते. आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस, पाच तासांवरच्या गावात तिच्या भावाकडे राहायचा. मुलं येऊन एक दिवस झाला होता तेव्हा भावाचा फोन आला, बाबा सारखं तुझं नाव घेतायत, निघून ये. तिनं पिशवी भरायला घेतली. पण औषधवालीची मुलगी, तेव्हा आठ वर्षांची, सकाळपासून तापानं फणफणली होती आणि पोटात पाणी ठरत नव्हतं. टाचणीचा नवरा कारखान्यात पाळीवर. तो म्हणाला, आपली पोर मी सांभाळेन, बाईंचा मुलगाही सांभाळेन, पण दुसऱ्याची आजारी मुलगी मी कशी सांभाळू? औषधवालीला फोन करावा असं टाचणीच्या मनात दोनदा आलं. पण तिकडे तिची आई ऑपरेशन थिएटरमध्ये. अशा वेळी पोरीच्या तापाचं सांगून तिचा जीव कशाला टांगणीला लावायचा? परवा ती आली की निघते, असं टाचणीनं भावाला कळवलं.

वडील दुसऱ्या दिवशी पहाटे गेले. मुलीचा ताप उतरल्यावर ती निघाली, आणि पोचली तोवर सगळं आटोपलं होतं. शेवटचं तोंडही पाहायला मिळालं नाही. भाऊ अंगणात उभा होता, तो एवढंच म्हणाला, "लोकांची पोरं झाली का सांभाळून?" तेव्हापासून तो तिच्याशी बोलायचा ते वहिनीमार्फत.

या वर्षी शाळेनंच मुलांचं शिबिर काढलं, तीन दिवसांचं. दोन्ही मुली जाणार, बाईचा मुलगाही जाणार. फाटकापाशी औषधवालीनं विषय काढला, आपणही कुठेतरी जाऊया. दोन रात्री, तळ्याकाठी एक घरगुती लॉज आहे, काही करायचं नाही, नुसतं पडायचं. बाई म्हणाली, "मोबाइल रोज चार्जिंगला लावतो आपण. आपल्याला कोण लावतं?" टाचणी हसली, आणि हसता हसता तिच्या लक्षात आलं की आपल्याला खरंच जायचंय. लग्नानंतर सासर आणि माहेर सोडून ती कुठेही मुक्कामाला राहिली नव्हती. नवऱ्यानं लगेच हो म्हटलं. उलट तिच्यापेक्षा तोच जास्त खूश दिसला. तिनं दोन दिवसांचं जेवण करून डब्यांवर चिठ्ठ्या लावल्या, तर तो म्हणाला, "मला वाचता येतं, पण नाकही आहे. वासानं कळेल." घाईघाईत तिनं स्वतःसाठी एक सैलसर झगा शिवला. दुसऱ्यांच्या कापडांतून वाट काढत तिच्या वाट्याचं कापड मशीनवर चढायला सात महिने लागले होते.

बसनं साडेतीन तास. प्रवासभर बाईनं शाळेतल्या गमती सांगितल्या. औषधवाली मात्र जरा गप्प होती, दोनदा काही बोलायला गेली आणि थांबली. टाचणीला वाटलं, हिला बस लागत असेल.

लॉज म्हणजे एक जुनं दुमजली घर. खाली मालकीण राहायची, वर चार खोल्या. त्यांची खोली जिन्याच्या टोकाला होती. तीन खाटा, जाड पांढऱ्या चादरी, आणि खिडकीतून सरळ खाली तळं. आत शिरल्या तेव्हा पडदे ओढलेले होते आणि खोलीत अंधार होता. बाईनं सामान खाली ठेवलं, न बघता पडद्यामागे हात घातला आणि दिवा लावला. टाचणीच्या डोळ्यांनी ते टिपलं. डोळ्यांना सवयच होती, कुठे टाका सुटलाय ते दिसायचंच. पण तेव्हा तिनं त्याचा काही अर्थ लावला नाही. बाई हुशारच आहे, एवढंच तिच्या मनात आलं. मग औषधवाली म्हणाली, भिंतीकडची खाट नको घेऊस, तिकडे नळाचा पाइप गुरगुरतो. टाचणीनं खिडकीजवळची घेतली.

दुपारी ती झोपली. नुसती पडली नाही, चांगली अडीच तास गाढ झोपली. उठली तेव्हा गालावर उशीचे वळ होते आणि आपण कुठे आहोत हे तिला कळेना. मग तळ्याचा वास आला आणि कळलं. कुणाच्या शाळेचा डबा नाही, कुणाची पँट नाही. तिला एकदम रडूच फुटलं, बरं वाटून. औषधवालीनं तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, पहिल्या दिवशी असंच होतं.

संध्याकाळी तिघी खाली चहाला बसल्या. मालकीण सत्तरीची, सैल मोजे घातलेली, बोलकी म्हातारी होती. चहा ठेवून ती आत गेली आणि कागदात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आली. औषधवालीच्या पुढ्यात ठेवून म्हणाली, "हे घ्या तुमचं. दर वर्षी द्यायचं म्हणते आणि दर वर्षी विसरते. तीन वर्षं माझ्या कपाटात पडलंय."

कागद टाचणीनंच उलगडला, कारण औषधवाली हलेना. आत करड्या रंगाचं सुती जाकीट होतं, आतून मऊ अस्तर लावलेलं. ते कुणाचं आणि कुणी शिवलेलं हे विचारायची तिला गरज नव्हती. काजाच्या कडेला दोन टाके जास्तीचे घालायची पद्धत तिचीच. गुडघ्याच्या ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी तिनं ते पुरं केलं होतं. हॉस्पिटलमध्ये गार असतं, रात्रभर खुर्चीवर बसावं लागतं, तुला लागेल म्हणून. पैसे घेतले नव्हते. नंतर जाकीट दिसेना तेव्हा औषधवाली म्हणाली होती, हॉस्पिटलात राहिलं गं, कुणीतरी उचललं असणार.

मालकीण हसत होती. म्हणाली, "या वर्षी तिसरीलाही आणलंत, बरं केलंत. दर वेळी ती एक खाट रिकामी राहते." आणि ती साखर आणायला गेली.

टाचणीनं जाकीट पुन्हा कागदात गुंडाळलं. मग शांतपणे विचारलं, किती वर्षं? बाईनं सांगितलं, हे पाचवं. टाचणीनं विचारलं, आणि आईचा गुडघा? औषधवाली खाली बघत म्हणाली, गुडघा झाला होता, पण त्या डॉक्टरनं... मग ती थांबली, आणि म्हणाली, नाही. झालं नव्हतं काही. आई ठणठणीत आहे.

मग दोघी एकदम बोलायला लागल्या. बाईनं सांगितलं, पहिल्या वर्षी ती अगदी संपल्यात जमा होती. नवरा गेलेला, मुलगा वर्गात मारामाऱ्या करायचा, तिला स्टाफरूममध्ये चक्कर आली होती. औषधवालीनंच तिला इथे ओढत आणलं. तीन दिवसांत ती माणसात आली. मग दर वर्षी यायचं ठरलं. तुला सांगायचं दर वर्षी ठरवायचो. या खेपेला हीच सांगणार होती बसमध्ये. औषधवाली म्हणाली, दोनदा तोंड उघडलं गं, पण धीर झाला नाही.

"मला का नाही नेलं?" टाचणीनं विचारलं.

औषधवाली कागदाची कड दुमडत राहिली. उत्तर बाईनं दिलं, आणि ते तिनं फार साधेपणानं दिलं, वर्गात फळ्यावर लिहावं तसं. "तुला आणलं असतं तर मुलं कुणाकडे ठेवायची?"

टाचणीनं मान हलवली, गणित पटल्यासारखी. मग म्हणाली, खरं सांगून ठेवली असती तरी मी ठेवून घेतली असती. औषधवाली म्हणाली, ठेवली असतीस गं, पण दर वर्षी? आम्ही मजा करायला चाललोय आणि तू आमची पोरं बघ, असं कोणत्या तोंडानं म्हणायचं? दुखणं सांगितलं की मागायला लाज वाटत नाही. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तिनं टाचणीचा हात धरला.

"तुझ्या बाबांच्या वेळी तू मला एक फोन करायला हवा होतास," ती म्हणाली. "मी त्याच दिवशीच्या बसनं परत आले असते. शप्पथ."

"तुझी आई ऑपरेशन थिएटरमध्ये होती," टाचणी म्हणाली. "म्हणून नाही केला."

तिनं हात सोडवून घेतला. जोरात नाही. कापडातून सुई काढावी तसा. बाईनं मध्येच म्हटलं, आम्हालाही ते खात राहिलंय, म्हणूनच तर या वेळी तुला आणलं. ते ऐकून टाचणीला पहिल्यांदा राग आला. तोवर नुसता गारठा होता. तिला आठवलं, वडिलांना जाऊन चार दिवस झाले होते तेव्हा औषधवाली भेटायला आली होती. तिचं नाक आणि कपाळ उन्हानं रापलेलं होतं, आणि टाचणीनंच तिला जवळ घेऊन म्हटलं होतं, हॉस्पिटलच्या फेऱ्यांनी काय अवस्था झालीय तुझी. औषधवाली त्या वेळी तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली होती. ते रडणं कशाचं होतं, हे विचारावंसं टाचणीला वाटलं, पण उत्तर काहीही आलं असतं तरी तिला ते नको होतं.

परतीची बस दिवसातून एकच, दुपारी. त्यामुळे मुक्काम करावाच लागला. तिघी तीन खाटांवर एकमेकींकडे पाठ करून झोपल्या. सकाळी मालकिणीनं ताटं मांडली. गरम पाव, अंडी, फळं, सगळं दुसऱ्यानं केलेलं आणि दुसऱ्यानं वाढलेलं. टाचणीनं ठरवलं होतं की घास उतरणार नाही. पण तो उतरला, आणि चवीनं उतरला. कुणी आपल्याला वाढतंय हे तिला आवडलं, आणि आवडलं याचा तिला इतका संताप आला की ती अर्ध्यावरून उठली.

तळ्याच्या काठी बाकावर बसून तिनं भावाला फोन लावला. वहिनीनं उचलला. टाचणी म्हणाली, त्यालाच दे. बऱ्याच वेळानं भाऊ आला. तिनं सगळं सांगितलं, एका दमात, गुडघ्यापासून जाकिटापर्यंत. तिला वाटत होतं की हे ऐकल्यावर तीन वर्षांची गाठ सुटेल. आपण लोकांच्या पोरांना बाबांच्या वर ठेवलं नव्हतं, आपल्याला फसवलं होतं, हे त्याला कळेल.

भावानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "त्या खोटं बोलल्या, बरोबर. पण मी तर खरं बोललो होतो ना? बाबा नाव घेतायत म्हणून सांगितलं होतं. दोघांतल्या कुणाचं ऐकायचं ते तूच ठरवलंस."

ती म्हणाली, मुलगी तापली होती रे. तो म्हणाला, हो, ते सांगितलं होतंस. त्याचा आवाज चिडका नव्हता, तेच जास्त लागलं. तब्येतीला जप, असं म्हणून त्यानं फोन ठेवला.

दुपारच्या बसनं ती एकटीच निघाली. औषधवाली फाटकापर्यंत आली, आम्हीही येतो म्हणाली. टाचणी म्हणाली, खोलीचं उद्यापर्यंतचं बुकिंग आहे, तुम्ही राहा. ती हे टोचून बोलली होती, पण त्या खरंच राहिल्या. बस वळणावरून खाली उतरत होती तेव्हा तिला खिडकीतून तळं दिसलं आणि काठच्या बाकावर दोघी बसलेल्या दिसल्या. 

घरी नवरा तिला बघून चकित झाला. एक डबाही त्यानं उघडला नव्हता, बाहेरून आणून खाल्लं होतं. पोट बिघडलं म्हणून आले, असं तिनं सांगितलं. खरं तिनं त्याला आठवड्यानं सांगितलं. त्यानं हातातला चहा खाली ठेवला. मग म्हणाला, त्या वेळी मी आजारी पोरीला सांभाळतो म्हणालो असतो तर तू गेली असतीस. ती सुईत दोरा ओवत राहिली. तसं नाही, असं तिनं म्हणायला हवं होतं, आणि तो त्याची वाट बघत होता हेही तिला दिसत होतं.

सुटी लागेपर्यंत शाळेच्या फाटकापाशी ती उशिरा जायची, घंटा होऊन मुलं बाहेर पडल्यावर. बाई लांबून मान हलवायची, टाचणीही हलवायची. औषधवालीनं दोनदा फोन केला, एकदा लांबलचक निरोप पाठवला. टाचणीनं तो वाचला. त्यात वाईट काही नव्हतं. उद्या उत्तर देऊ म्हणता म्हणता उत्तर द्यायची वेळ निघून गेली.

सुटी संपत आली तेव्हा एका सकाळी औषधवालीची मुलगी आली. अकरा वर्षांची, एकदम उंच झालेली. हातात पिशवी, त्यात गणवेश, खालची दुमड उसवून लांबी वाढवायचा. दर वर्षी टाचणीच तो वाढवायची. मुलीनं नेहमीसारखी चप्पल दारात काढली आणि नेहमीसारखी मशीनजवळच्या स्टुलावर बसायला गेली.

टाचणी म्हणाली, "या वेळी जमणार नाही गं. काम फार आहे."

मशीनवर काही नव्हतं. मुलीनं मशीनकडे पाहिलं, मग टाचणीकडे. ती बसली नाही.

"मावशी," ती म्हणाली, "मला माहीत होतं. त्या वेळी. आई म्हणाली होती की मावशीला सांगायचं नाही, तिला वाईट वाटेल." मग जरा थांबून तिनं विचारलं, "मी ताप आलेला असताना सांगायला हवं होतं का?"

तीन वर्षांपूर्वी याच खोलीत, याच खिडकीखाली टाचणीनं तिच्या कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवल्या होत्या. पोर ग्लानीत आई, आई करत होती, आणि टाचणी तिला समजावत होती की आई आजीजवळ आहे, आजीला बरं वाटलं की लगेच येईल. पोरगी त्यावर नुसती टक लावून बघत राहिली होती. तापामुळे असेल, असं तेव्हा टाचणीला वाटलं होतं.

"नाही," टाचणी म्हणाली. "तू लहान होतीस."

मुलगी अजून उभीच होती, पिशवी दोन्ही हातांनी पुढे धरून. टाचणीला कळत होतं की हिचा यात काही दोष नाही. तेवढी दुमड उसवायला दहा मिनिटंही लागणार नाहीत हेही कळत होतं. तिनं हात पुढे करायचं ठरवलं, खरंच ठरवलं. पण तिचे हात मांडीवरच राहिले. थोड्या वेळानं मुलीनं पिशवी खाली घेतली, दारात जाऊन चप्पल घातली, आणि दार आवाज न करता ओढून घेतलं.